आयर्लंडची खट्याळ बोली: शब्दांचे अर्थ आणि त्यांची पाळंमुळं

पिंपळपान

आयर्लंडला नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप गटांवर एक तक्रार कायम असते: ह्यांचं इंग्रजी कळत नाही, आणि कळतं तेव्हा ती शिवी निघते. डब्लिनमध्ये माझा अख्खा दिवस आयरिश सहकाऱ्यांबरोबर जातो आणि मला ही बोली मनापासून आवडते. "बिघडलेलं इंग्रजी" म्हणून तिची जी बोळवण होते ती मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे शब्द नुसती गंमत वाटतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम आणि दक्षिण आयर्लंडमध्ये लाखो लोकांची घरची भाषा आयरिश होती. १८३१ मध्ये सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या आणि शिक्षण इंग्रजीतून आलं. बऱ्याच ठिकाणी मुलाच्या गळ्यात काठी अडकवत, आयरिश शब्द तोंडातून गेला की तिच्यावर एक खाच पाडत आणि दिवसाअखेर खाचा मोजून मार देत. मग १८४५ ते १८५२ चा बटाट्याचा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि जास्त करून गेली ती आयरिश बोलणारी गरीब कुळं. दोन-तीन पिढ्यांत घरोघरी इंग्रजी आलं. पण शब्द इंग्रजी असले तरी वाक्य मनात जुळायचं ते आयरिशमध्येच, आणि आजच्या बोलीतला अर्धा खट्याळपणा तिथून येतो.

उदाहरणार्थ, "शी वॉज गिव्हिंग आउट टू मी." इतर इंग्रजीत गिव्हिंग आउट म्हणजे वाटप. इथे त्याचा अर्थ ती मला फाडफाड बोलली. आयरिशमध्ये रागावण्याला "तौर्त अमाख" म्हणतात, शब्दशः "बाहेर देणं". तोच वाक्प्रचार उचलून इंग्रजी शब्दांत ठेवलाय. फारच झापलं असेल तर "गिव्हिंग आउट यार्ड्स".

"बोल्ड" म्हणजे वांड, आगाऊ. बालवाडीच्या बाईंनी "ही वॉज अ बिट बोल्ड टुडे" म्हटलं की आपल्याकडचे आईबाप खूश होतात, पोरगं धीट झालं म्हणून. ती तक्रार असते. आयरिश "दॉना" शब्दात धाडसी आणि व्रात्य हे दोन्ही अर्थ आहेत आणि ते दोन्ही "बोल्ड"मध्ये उतरले. आपल्या "धृष्ट"चंही तसंच आहे.

"इज हिमसेल्फ इन?" म्हणजे घरधनी आहेत का? आयरिशमधल्या जोर देणाऱ्या सर्वनामाचं हे इंग्रजी रूप. बायको नवऱ्याला "हिमसेल्फ" म्हणते तेव्हा मला आजीचं "आमचे हे" आठवतं. आदर आणि चिमटा दोन्ही त्यात असतात.

"आयम आफ्टर ब्रेकिंग द कप" म्हणजे कप आत्ताच माझ्या हातून फुटला. कप फोडायच्या मागे कुणी लागलेलं नाही. आयरिशमध्ये नुकतीच झालेली गोष्ट "तिच्यानंतर मी आहे" अशीच सांगतात.

आयरिशमध्ये "हो" आणि "नाही" यांना स्वतंत्र शब्दच नाहीत, क्रियापद परत म्हणायचं. म्हणून इथे "जेवलास?" ला "यस" असं उत्तर कमी आणि "आय डिड" जास्त. "जेवलो" म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

आता थेट खट्याळ शब्द. ईजिट म्हणजे "इडियट"चा आयरिश उच्चार, पण इंग्रजी "इडियट" लागतो तसा तो लागत नाही. बावळट, वेंधळा. आई मुलाला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो. गॉबशाइट मात्र जड आहे: अक्कल नसून सतत बोलणारा. "गॉब" म्हणजे तोंड, आयरिशमध्ये चोच, आणि उरलेला भाग शेणाचा भाऊबंद. क्यूट हूअर हा माझा सगळ्यात आवडता. "क्यूट" इथे गोंडस नाही. "अक्यूट"मधून आलेला जुना अर्थ, म्हणजे तल्लख, धूर्त. "हूअर" म्हणजे वेश्येला असलेल्या इंग्रजी शब्दाचा आयरिश उच्चार, पण तो पुरुषांनाच जास्त लावतात, त्यातही राजकारण्यांना. रस्ता मंजूर करून आणणारा, मतदाराच्या मयतीला सगळ्यांत आधी पोचणारा, कशातच न सापडणारा असा बेरकी माणूस. म्हणणाऱ्याच्या आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त असतं.

योक म्हणजे कुठलीही वस्तू. "हँड मी दॅट योक." आपलं "ते हे दे रे." मूळ शब्द बैलाच्या मानेवरचं जू, त्यावरून जुंपलेली गाडी, मग कुठलंही यंत्र, मग काहीही. इंग्रजी "योक" आणि मराठी "जू" एकाच प्राचीन मुळाचे.

आणि नव्याने येणाऱ्यांसाठी महत्त्वाचे दोन. शिफ्ट म्हणजे चुंबन, तेही चांगलं दीर्घ. राइड म्हणजे शरीरसंबंध, किंवा देखणी व्यक्ती. गाडीतून सोडायला सांगायचं तर "लिफ्ट" म्हणा. अमेरिकेत राहून आलेले लोक ऑफिसात "कॅन यू गिव्ह मी अ राइड?" विचारतात आणि पूर्ण टेबल शांत होतं.

तुम्हाला माहीत असलेले शब्द लिहा, पण शक्यतो उगमासकट. आणि उगम पक्का आहे की ऐकीव, तेही लिहा.

नवी_पालवी

ताई, सप्टेंबरात मास्टर्ससाठी डब्लिनला येतेय, हा धागा देवासारखा भेटला! दोन प्रश्न. "क्रॅक" हा शब्द सारखा दिसतो, "वॉट्स द क्रॅक" वगैरे, तो ड्रग्जबद्दल नाही ना? आणि हे शब्द मी वापरायचे की नुसते समजून घ्यायचे?

दस्तुरखुद्द

क्रॅकचं मी सांगतो, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार आहेत. अर्थ: गप्पा, मजा, हालहवाल. "वॉट्स द क्रॅक?" म्हणजे काय विशेष? ड्रग्जशी काडीचा संबंध नाही. पब्जच्या पाट्यांवर आयरिश वळणाच्या स्पेलिंगमध्ये तो असा मिरवतो की हजार वर्षांचा आयरिश शब्द वाटावा. तसा तो नाही. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये "क्रॅक" म्हणजे गप्पा, बातमी. तिथून तो आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात आला, मग आयरिश भाषेने घेतला, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आयरिश कपडे घालून पुन्हा इंग्रजीत आला. काही आयरिश अभ्यासकांना हे स्पेलिंग बघून अजून राग येतो. मला राग येत नाही, शब्द ज्यांनी वापरला त्यांचा.

उगमाबद्दल पिंपळपान यांनी जी अट घातली आहे तिला जोरदार पाठिंबा. २००७ मध्ये अमेरिकेत एक पुस्तक आलं, त्यात "जॅझ", "पोकर" असे शेकडो अमेरिकन बोलीशब्द आयरिशमधून आल्याचं ठासून सांगितलं होतं. भाषातज्ज्ञांनी ते साफ फेटाळलं, कारण नुसत्या उच्चाराच्या साधर्म्यावर डोलारा उभा होता आणि कित्येक मूळ आयरिश वाक्प्रचार कधी कुणी बोललेलेच नव्हते. पण ते उगम आजही समाजमाध्यमांवर फिरत असतात. "शेनॅनिगन" हा त्यातलाच वादाचा शब्द. आयरिशमधल्या कोल्ह्याच्या शब्दाशी तो जोडतात, आणि छापील स्वरूपात तो पहिल्यांदा सापडतो १८५५ च्या कॅलिफोर्नियात.

याउलट पक्के आयरिश शब्द आपण रोज ऐकतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. "गलोर" म्हणजे आयरिश "गो लोर", भरपूर. "स्मिदरीन्स" म्हणजे ठिकऱ्या. आणि ब्रिटनच्या हुजूर पक्षाचं "टोरी" हे नाव! आयरिश "तोरी" म्हणजे पाठलाग करणारा. सतराव्या शतकात जमिनी हिसकावल्यावर रानात शिरून लूटमार करणाऱ्या बंडखोरांना तो लावत. १६८० च्या आसपास राजकीय विरोधकांनी शिवी म्हणून तो दुसऱ्या गटाला चिकटवला. तीनशेहून जास्त वर्षं झाली, चिकटलेला आहे.

पिंपळपान

@दस्तुरखुद्द, टोरीबद्दल आभार, तो लिहायचाच होता.

@नवी_पालवी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: समजून घे सगळे, वापरायला घाई करू नकोस. इथे "स्लॅगिंग" म्हणून प्रकार आहे. इंग्लंडमध्ये कुणाला "स्लॅग ऑफ" करणं म्हणजे त्याची निंदा. आयर्लंडमध्ये स्लॅगिंग म्हणजे मित्राची फिरकी घेणं, आणि ज्याची घेतात तो आपला. तुझे केस, तुझा डबा, तुझं "डब्ल्यू"चं उच्चारण, कशावरूनही टेर खेचतील. ते सुरू झालं की समज तुला गटात घेतलं. अगदी सभ्यपणे, "प्लीज-थँक्यू" करून बोलत राहिले तर काळजी कर. उत्तर द्यायचं ते हसून आणि तितक्याच ताकदीने. पण कुणाच्या आजारपणावर, घरच्या दुःखावर बोलायचं नाही, तिथे ते लोक फार हळवे आहेत.

सुरुवातीला "ग्रँड" हा एकच शब्द उचल. तो भव्य नाही, नुसतं "ठीक". चहा ग्रँड, हवा ग्रँड, ऑपरेशननंतर माणूस ग्रँड.

माजघर

मी कॉर्कच्या एका रुग्णालयात नर्स आहे. डब्लिनकरांनी कॉर्कला विसरू नये म्हणून लिहितेय 🙂

आमच्या वॉर्डातलं सांगते. ऐंशी पार केलेले एक आजोबा, शेतकरी. पहिल्या आठवड्यात मी त्यांना गोळ्या देऊन म्हटलं, जेवण झालं की घ्या. ते म्हणाले, "आय विल, या." मी समाधानाने पुढे गेले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या गृहस्थांनी मला हाक मारून बजावलं की पोरी, त्याने तुला नाही म्हटलंय. आणि खरंच, गोळ्या बशीखाली! "आय विल" एकटं असेल तर होकार. मागे लांबवलेला "या" लागला, नजर खिडकीबाहेर गेली, की तो ठाम नकार. तेव्हापासून मी आजोबांसमोर उभी राहायची, गोळी पोटात जाईपर्यंत.

तसंच "कमियर टू मी." शब्दशः इकडे ये. पण जागचं हलायचं नाही, त्याचा अर्थ "ऐक ना". नवीन आलेल्या भारतीय मुली दर वेळी खाटेजवळ जाऊन उभ्या राहतात.

आणि कॉर्कची खास शिवी लँगर. त्रासदायक, मूर्ख, डोक्यात जाणारा माणूस. पुरुषाच्या अवयवालाही तोच शब्द. "लँगर्स" असा अनेकवचनात आला तर दारू पिऊन तर्र. २००४ मध्ये ह्या शब्दावरचं एक गाणं आयर्लंडभर गाजलं होतं. इथले लोक मला कौतुकाने सांगतात की हा शब्द तुमच्याकडचाच, लंगूर माकडावरून. मन्स्टरचे, म्हणजे कॉर्क ज्यात येतं त्या दक्षिणेकडच्या प्रांताचे, शिपाई हिंदुस्थानात होते, माकडांनी त्यांना छळलं, आणि त्यांनी शब्द घरी आणला. हे खरं आहे का कुणी सांगेल?

वालदेवी

लंगुराचं माहीत नाही, पण आमच्या नाशिकचा एक शब्द आयर्लंडमध्ये नक्की पोचलाय. डूलॅली! "ही हॅज गॉन डूलॅली" म्हणजे त्याचं डोकं फिरलं. तो आहे आपल्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत थांबायचे. जहाजं सुटायची ती साधारण हिवाळ्याच्या हंगामात, त्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपली तर महिनोन् महिने काम नाही, ऊन, कंटाळा, दारू, आजार. तिथे माणसं वेड्यासारखी वागू लागली की म्हणायचे "डूलॅली टॅप" झाला. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला, गाव उरलं. माझं शाळेचं वय देवळाली कॅम्पात गेलं आहे, आणि लंडन-डब्लिनमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी गावाचं नाव अजून आहे ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

दस्तुरखुद्द

वालदेवी, झकास. डूलॅलीचा पुरावा भक्कम आहे. शिपायांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींत तो खुलाशासकट येतो. मूळ ब्रिटिश सैन्याचा शब्द, पण ते सैन्य किती आयरिश होतं पाहा: १८३० च्या सुमारास दर शंभर शिपायांत चाळीसहून जास्त आयरिश. "कुशी" म्हणजे आरामाची नोकरी हा शब्दही आपल्या "खुशी"शी जोडतात, आणि शिपायांचा मायदेशासाठीचा शब्द "ब्लायटी" म्हणजे आपलं विलायती. छावण्यांमधून हा सगळा माल घरोघर गेला.

@माजघर, लंगुराची कथा ऐकायला गोड आहे आणि पार्श्वभूमी खरी आहे. रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्स ही पलटण १८८१ मध्ये ज्या दोन पलटणी जोडून झाली, त्या दोन्ही मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या गोऱ्या पलटणी. भरती कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअरमधून. म्हणजे कॉर्कचे लोक आणि लंगूर यांची गाठ पडली असणारच. पण शिपायांपासून शिवीपर्यंतचा दुवा दाखवणारं लेखी काही मिळत नाही. शिवाय अवयवाचा अर्थ आणि दारूचा अर्थ माकडातून कसा निघाला ते ही कथा सांगत नाही. मी हिला ऐकीव ह्याच खान्यात ठेवेन.

असाच दुसरा शब्द कल्ची: डब्लिनकर खेड्यातल्या माणसाला म्हणतात, आपल्या "गावंढळ"सारखा. कुणी तो मेयो परगण्यातल्या किल्टिमा गावाच्या आयरिश नावाशी जोडतात, कुणी "अ‍ॅग्रिकल्चरल"शी, कुणी घराच्या मागच्या बाजूला असलेल्या आयरिश शब्दाशी. निकाल लागलेला नाही. खेड्यातले लोक परतफेड म्हणून डब्लिनकराला जॅकीन म्हणतात, छोटा जॅक, इंग्रजांचा पित्त्या.

तळकोकणी

त्या "ईन" प्रत्ययावर थोडं. आयरिशमध्ये लहानपण दाखवायला शब्दाच्या शेवटी "ईन" लावतात आणि तो इंग्रजीत जसाच्या तसा आला. कधी लाडाने, कधी तुच्छतेने. आपल्याकडे पोरगं आणि पोरटं, कारकून आणि कारकुंडा, तोच खेळ. बोरीन म्हणजे गावातली अरुंद वाट. आयरिश "बोहर" म्हणजे रस्ता, आणि त्यातला "बो" म्हणजे गाय. हा "बो" आणि आपला "गो" सख्खे भाऊ आहेत. गुरांच्या वाटेवरून रस्त्याला नाव, आणि लहान रस्ता म्हणून बोरीन.

गॉम्बीन यातलाच, पण कडू. आयरिशमध्ये कर्जावरचं व्याज. दुष्काळात उधारीवर धान्य देऊन चढं व्याज लावणारा गावचा दुकानदार तो गॉम्बीन मॅन. आज किरकोळ फायद्यासाठी गाव विकणाऱ्या पुढाऱ्याला म्हणतात. पिंपळपान यांच्या क्यूट हूअरमध्ये कौतुक आहे, गॉम्बीनमध्ये ते अजिबात नाही. दुष्काळाची आठवण ह्या शब्दात अजून शाबूत आहे.

आणि शिवीतल्या मायेबद्दल मालवणी माणसाला नव्याने सांगायला नको. "खंय होतंस रे मेल्या?" ऐकल्याशिवाय गावी पोचलो असं वाटत नाही.

सज्जनगड

माहिती उत्तम, पण एक स्पष्ट बोलतो. आपल्या मुलांपुढे हे शब्द "गंमत" म्हणून मांडणं मला योग्य वाटत नाही. शिवी ती शिवी. दुसऱ्या देशात पाहुणे म्हणून गेलेल्यांनी तर तोंड सांभाळूनच राहावं.

पिंपळपान

काका, पाहुण्याने तोंड सांभाळावं हे मला मान्य आहे, वर पालवीलाही तेच लिहिलंय. पण शब्द कळलेच नाहीत तर मायेने बोललेलं माणसाला लागतं आणि खरा अपमान हसण्यावारी जातो. दोन्ही वाईट.

आणि आयरिश लोक स्वतः ह्याचा बारीक विचार करतात. त्यांच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे "डॉल"मध्ये, कुठले शब्द असंसदीय ते नोंदवून ठेवलंय: भित्रा, ढोंगी, विदूषक, आणि गरिअर सुद्धा. गरिअर म्हणजे डब्लिनचा उनाड, रस्त्यावरचा टपोरी. शिळ्या पावाच्या "गर केक"शी तो जोडतात, जो गरीब पोरांना परवडायचा. २००९ च्या डिसेंबरमध्ये एका खासदाराने भर सभागृहात इंग्रजीतली सगळ्यात प्रसिद्ध शिवी दिली, लगेच माफी मागितली, आणि नंतर लक्षात आलं की ती शिवी यादीत नाहीच!

तिची सौम्य बहीण फेक, ती इथे आजीसुद्धा म्हणते. लोकांना वाटतं ती फक्त एक अक्षर बदलून केलेली पळवाट. पण "फेक"ला चोरण्याचाही एक जुना अर्थ आहे, एकोणिसाव्या शतकातला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या "फादर टेड" मालिकेने तो शब्द इंग्लंडभर नेला. देवाचं नाव घ्यायला नको म्हणून "जीझस"चं जेनी मॅक करणं ही खरी पळवाट. कॅथलिक घरात आईसमोर चालायचं.

रात्रपाळी

"पोग मो होन" राहिलं की. टी-शर्टांवर असतं आणि पर्यटक ते शुभेच्छा समजून विकत घेतात. अर्थ: माझ्या पार्श्वभागाचा मुका घे. १९८२ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या एका बँडने हेच नाव इंग्रजी वळणाने घेतलं होतं. बीबीसीवर गाणी लागू लागल्यावर स्कॉटलंडमधल्या गेलिक जाणणाऱ्यांना अर्थ कळला, तक्रारी झाल्या आणि १९८४ मध्ये नाव आखडून "द पोग्ज" झालं. म्हणजे उरलं नुसतं "मुके".

नवी_पालवी

सगळ्यांचे खूप आभार, वहीत उतरवून घेतलंय. एक शेवटचं: जिथे खोली घेतलीय त्या काकूंचा ईमेल आला. चादरी "हॉट प्रेस"मध्ये आहेत, त्या पोचल्यावर "मेसेजेस"ला बाहेर गेलेल्या असतील, आणि "जॅक्स" जिन्याखाली आहे. जॅक्स कोण?

माजघर

जॅक्स म्हणजे संडास गं! सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत "जेक्स" होता, इंग्लंडने टाकला, आयर्लंडने ठेवला. पबमध्ये दारावर आयरिश पाटी असेल तर "फिर" म्हणजे पुरुष आणि "म्नॉ" म्हणजे बायका. इंग्रजी पहिल्या अक्षरावर जाऊ नकोस, नेमकी उलट्या दारात शिरशील.

मेसेजेस म्हणजे वाणसामान, त्या बाजारात गेलेल्या असतील. प्रेस म्हणजे कपाट, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, चादरी-टॉवेल उबदार राहतात. ओले कपडे त्यात कोंबू नकोस, सगळ्याला कुबट वास लागतो. आणि पाण्याचं बटण बहुतेक तिथेच असतं, त्याला "इमर्शन" म्हणतात. आंघोळ झाली की बंद कर, नाहीतर काकू गिव्हिंग आउट यार्ड्स.